भाकरी तीच, वाढायची रीत वेगळी

लातूरच्या ट्युशन एरियात माझी मेस आहे. नीटची तयारी करणारी लेकरं जेवतात, आणि त्यांच्याच डब्यांबरोबर आसपासच्या गल्ल्यांतल्या म्हाताऱ्या माणसांचेही डबे जातात. कुणाला शुगर, कुणाला बीपी, एखाद्या घरच्या सुनेचं रक्त आठावर. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'डाएट' लिहिलेलं असतं आणि घरची माणसं ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडं येतात. "ताई, ह्यांच्यासाठी वेगळं काय करायचं ओ?" त्यांच्या डोक्यात ओट्स, उकडलेल्या भाज्या, कसलीतरी महागाची पावडर असते.

मी सांगते, वेगळं शिजवू नका. वेगळा स्वयंपाक पंधरवडाभर टिकतो, मग आजोबा गुपचूप सगळ्यांच्यातलं खातात आणि आजी त्यांना वाढते. आपल्या मराठवाड्याच्या ताटात वाईट असं फार थोडं आहे. किती वाढायचं, कशावर काय प्यायचं, उपासाला काय खायचं आणि घरात कुणी शेवटी जेवायचं, ह्या रीती मात्र तब्येतीला नडतात. त्या कशा बदलायच्या तेवढंच लिहिते. धान्याचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यातले आहेत. माझी पुतणी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकली, तिनं ते मला समजावले. बाकी अक्कल चुलीपुढची.

आधी भाकरी मोजा

"शुगरला भाकरी चालते" हे वाक्य आपल्याकडं इतकं पक्कं झालंय की माणसं तीन-तीन, चार-चार भाकरी खातात आणि वर सांगतात, "पोळी कधीच सोडली मी." माझ्याकडं किलोभर पिठात दहा-अकरा भाकरी होतात, म्हणजे एका भाकरीला नव्वद-शंभर ग्रॅम पीठ लागतं. फुलका पंचवीस ग्रॅमचा. आता तुम्हीच हिशेब करा, एका भाकरीत चार फुलके बसले. शुगर वाढवतं ते पिष्ट. शंभर ग्रॅम ज्वारीत ते ६८ ग्रॅमच्या आसपास आहे, गव्हाच्या कणकेत ६४. फायबर दोन्हींत १० ते ११ ग्रॅम, प्रथिनंही दोन्हींत १० ग्रॅमच्या आगेमागे. ज्वारी चांगली आहेच. पोट धरून ठेवते, आणि तिचा मैदा करायची आपल्याकडं रीत नाही, हा तर तिचा फारच मोठा गुण. पण औषध म्हणून कितीही खावी अशी ती नाही.

करायचं असं. आपल्या घरच्या एका भाकरीला लागणारं कोरडं पीठ एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घ्या. ज्याचं दिवसभराचं काम बसून आहे त्याला एका वेळेला ऐंशी ते शंभर ग्रॅम पुष्कळ झालं. आजोबांचा आकड्यावर जीव असतो; "एकच भाकरी?" असं कुणी विचारलं की त्यांना अपमान वाटतो. अशा वेळी त्याच पिठाच्या दोन पातळ भाकरी थापा. दोन खाल्ल्याचं समाधान, पीठ तेवढंच. माझ्या डब्यांत मी हेच करते आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही. शेतात राबणाऱ्याला, ऊसतोडीला जाणाऱ्याला हे माप लावू नका, त्याला तीन भाकरी लागतातच. घोटाळा होतो तो तिसऱ्या पिढीत. आजा नांगरामागं चालून तीन खायचा, नातू खुर्चीत बसूनही तीनच खातो, कारण घरात माप ठरलेलं आहे.

मग पोट कशानं भरायचं? कोरड्यासानं, म्हणजे भाकरीबरोबरच्या वरण-भाजीनं. आपल्याकडं भाकरी डोंगराएवढी आणि कोरड्यास बोटाला लागण्यापुरतं. हे उलटं करा. लातूर डाळींची बाजारपेठ, आडतीवर तुरीची थप्पी लागलेली असते, आणि घरोघरच्या वरणात मात्र डाळ शोधावी लागते. पाहुणा आला की डाळ वाढत नाही, पाणी वाढतं. एका माणसाला एका वेळेला मूठभर कोरडी डाळ, म्हणजे तीस ग्रॅम, धरा. त्यात साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. चौघांच्या घरात एका वेळेला आमटीची भरून एक वाटी डाळ शिजायला घाला. महाग पडते म्हणाल, तर हुलगे आणा, मटकी आणा. शेंगोळे आठवड्यातून एकदा केलेत तर लेकरंही खातात. पिठलं चांगलं, फक्त ते भाकरी बुडवायपुरतं न घेता वाटीभर घ्या.

शेंगदाण्याच्या चटणीचं एक सांगून टाकते. शेंगदाण्यात प्रथिनं २३-२४ टक्के, पण तेल ४० टक्के. चटणी खा, पण चटणीवर कच्च्या तेलाची धार सोडू नका. तेल तिच्यात आहेच.

हिरवं कुठून आणायचं

सॅलड हा शब्द ऐकला की आमच्याकडच्या बाया तोंड वाकडं करतात, आणि घोळाणा मात्र आवडीनं खातात. कोवळी मेथी नाहीतर कांद्याची पात बारीक चिरायची, शेंगदाण्याचं कूट, मीठ, तिखट, चमचाभर तेल, आणि वर लिंबू. लिंबू विसरायचं नाही, कारण पालेभाजीतलं आणि भाकरीतलं लोह अंगी लागायला आंबटाचा, म्हणजे त्यातल्या 'सी' जीवनसत्त्वाचा, उपयोग होतो. जेवायला बसल्यावर पहिल्यांदा घोळाणा आणि वरण संपवा, भाकरीला हात मग लावा. शुगरच्या माणसाला ह्या क्रमाचा फायदा होतो. पुढं सांगितलंय तसं शुगर मोजायच्या मशीनवर तुम्ही स्वतः बघा.

पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी बांधावर फुकट उगवतात. बाजारात त्या येतात तेव्हा दहा रुपयांची जुडी घेताना आपण नाक मुरडतो आणि पन्नास रुपयांचा फ्लॉवर घेतो. अंबाडीच्या भाजीत कण्या आणि डाळ घालून केली की वेगळं कोरड्यास लागत नाही.

आणि भज्जी. येळवशीची भज्जी आपल्या वर्षभरातला सगळ्यात शहाणा पदार्थ आहे, असं माझं स्पष्ट मत. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, अख्खं लातूर आणि धाराशिव शेतात जातं, आणि ह्या दिवसात रानात जे जे हिरवं असतं ते एका भांड्यात पडतं. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वाल, ओल्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, गाजर. चिंचेचा कोळ किंवा आंबट ताक, आणि दाटपणापुरतं बेसन. फोडणीत लसूण-हिरवी मिरची भरपूर. डाळी, पालेभाज्या आणि आंबट, तिन्ही एकाच वाटीत. मग हे वर्षातून एकदाच का करायचं? मी मेसमध्ये हिवाळाभर दर आठवड्याला करते. एरवी दाणे ओले मिळत नाहीत, तेव्हा हरभरा, वाटाणा रात्री भिजवून घेते. चव येळवशीची येत नाही, पण पानं रिकामी परत येतात. बाजरीचे उंडे नाही केले तरी चालतात. आंबील मात्र करा. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून, शिजवून, थंड झाल्यावर लसूण-जिरं घालून. उन्हाळ्यात कोल्ड्रिंकच्या बाटलीवर पैसे घालण्यापेक्षा फ्रीजमध्ये आंबिलीचा तांब्या ठेवा.

ज्वारी विकत आणणाऱ्यांना अजून एक सांगते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट ह्या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' नावाचं वाण काढलं, २०१८ साली आलं. त्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडं मिळाली तर वर्षाची ज्वारी भरताना एखादं पोतं तिचं घ्या.

चहाची वेळ

घरात एकच गोष्ट बदलायची ताकद असेल तर ही बदला. सकाळी चहाबरोबर भाकरी, जेवण झालं की चहा, पाहुणा आला की चहा, पाहुणा निघाला की "अर्धा कप तरी". चहातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराच्या सूचना काढल्या, त्यातही जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नका असं आहे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्त कमी असल्याचं निघालं. ह्याला कारणं पुष्कळ आहेत, एकट्या चहावर ढकलणार नाही. पण मेथीची भाजी करायची, लोखंडी तव्यावर भाकरी करायची आणि त्यावर लगेच कपभर चहा ओतायचा, ह्यात कष्ट वाया जातात एवढं खरं.

आपल्या बायांचं अजून एक. सकाळी भूक लागली की चहा, अकरा वाजता पुन्हा भूक लागली की चहा. चहानं भूक मरते, म्हणून तो नाश्त्याच्या जागी बसलाय. खारी-टोस्टपेक्षा रात्रीची शिळी भाकरी ताकात कुस्करून खा, वर कांदा. ते खाल्लं की चहाची आठवण उशिरा होते.

साखरेचा हिशेब करा. दिवसाचे चार कप, कपाला दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा. चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. आणि गुळाचा चहा म्हणजे शुगर फ्री नव्हे, कृपा करून हे एकदा घरात सगळ्यांना सांगा. गुळानंही शुगर वाढते. "गावरान आहे, सेंद्रिय आहे" म्हणून ती थांबत नाही. साखर एकदम बंद करू नका, घरात भांडण होतं. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, कुणाला कळत नाही. कप बदला, मोठ्या मगाच्या जागी जुनी कपबशी काढा.

एकादशी आणि दुप्पट खाशी

म्हण आपल्याच माणसांनी केलीय, उगीच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, तूप, वर साखरेचं दही, दुपारी वेफर्स, संध्याकाळी राजगिऱ्याचा गोड लाडू. शुगरच्या माणसाला ह्या उपासापेक्षा रोजची भाकरी परवडली.

उपास मोडा असं मी कुणालाच सांगत नाही. ताट बदला. भगर थोडी आणि शेंगदाण्याची आमटी जास्त. राजगिऱ्याच्या पिठाचे धपाट्यासारखे थालीपीठ, बरोबर काकडीची कोशिंबीर, बिनसाखरेचं दही. बटाट्याऐवजी उकडलेलं रताळं, तेही अर्धं. साबुदाणा खायचाच असेल तर खिचडीत शेंगदाण्याचं कूट साबुदाण्याइतकं घाला आणि एक वाटीवर थांबा.

भगरीची काळजी घ्या. श्रावणात, नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या भागातून येत असतात. ओलसर राहिलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचं विष उकळूनही जाईल असं धरून चालू नका. सुटी भगर आणि सुटं पीठ घेऊ नका. पाकीट घ्या, तारीख बघा, निवडून-धुऊन-वाळवून लागेल तेवढीच दळा, दळलेलं पीठ महिनोन् महिने डब्यात ठेवू नका. वास कुबट आला तर सरळ टाका, देवाचं म्हणून खाऊ नका.

ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा शुगरच्या गोळ्या आहेत त्यांनी निर्जळी एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत. गोळी घेतली आणि पोट रिकामं राहिलं की शुगर खाली येते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यापुढं अंधारी, उगीच चिडचिड. असं झालं तर उपास सोडून तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. घरात सासूबाई म्हणतील, "देवी सांभाळती." उठता-बसता उपास सुचवा, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. देवीला तोही चालतो आणि सासूबाईंनाही.

आग्रह कसा टाळायचा

आपल्याकडं माया वाढून दाखवतात. "माझ्या हातचं घेतलं नाही तर..." असं कुणी म्हटलं की पुढचा माणूस हरतोच. अधिक महिन्यात जावयाची काय दैना होते ते बघितलंय ना? धोंडे तळलेले, त्यावर तूप, आणि सासरवाडी बघतेय. त्याला शुगर असली तरी तो बिचारा तोंड उघडत नाही.

नुसतं "नको" कामाला येत नाही, ते ऐकूच जात नाही. पहिल्या वाढपाला ताट अर्धं घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा घ्यायला जागा राहते आणि वाढणाऱ्याचंही मन राहतं. गोड पहिल्यांदाच मागून घ्या, एक, आणि तेच पुरवून शेवटपर्यंत खा. पानात गोड दिसतंय तोवर दुसरं पडत नाही. आडवा हात धरताना "मावशी, वरण वाढा की अजून" म्हणा. काहीतरी मागितलं की आग्रह तिकडं वळतो. हे माझ्या मामीचं शहाणपण, तिनं अख्खी हयात लग्नकार्यांत असंच काढलं.

वाढणाऱ्या बाईनं मात्र हे ऐकावं: पानात टाकू नये ही शिकवण चांगली, पण ती वाढणाऱ्याच्या हाताला लावा, जेवणाऱ्याच्या पोटाला नको. आणि लेकरांच्या ताटातलं उरलेलं आईनं संपवायचं, ही रीत तर बंदच करा.

तिचं ताट आधी काढा

हे लिहिताना माझा आवाज चढतो. घरात सगळ्यांचं झाल्यावर बाई बसते, तेव्हा टोपल्यात भाकरी असते, पण वरण तळाशी, भाजी संपलेली. ती ठेच्याबरोबर खाते आणि म्हणते, "मला आवडतंच." मग तिचं रक्त कमी, कंबर दुखते, चक्कर येते, आणि तिला ताकदीची सलाईन लावून आणतात, पैसे घालवून.

"तूही बरोबर बस" म्हणून हा प्रश्न सुटत नाही, गरम भाकरी कुणीतरी करावी लागते. म्हणून तिची वाटी आधी काढायची. डाळ घोटून झाली, भाजी उतरली, की पहिली वाटी तिच्या नावानं झाकून बाजूला. अंडं, दूध, दही असेल तर त्याचाही वाटा तेव्हाच. हे काम नवऱ्यानं किंवा सासूनं करावं, कारण तिनं स्वतः काढलेली वाटी ती शेवटी दुसऱ्यालाच वाढते.

गरोदरपणात "कमी खा, बाळ मोठं झालं की अडतं" असं अजून सांगतात. खरं उलट आहे, कमी खाल्लं तर बाळ कमी वजनाचं होतं आणि आईचं रक्त उतरतं. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. शी काळी होते म्हणून बाया घाबरून सोडून देतात. ती गोळीनंच काळी होते, त्यात काही वावगं नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको. बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, मेथी द्या, जुन्या बायांनी हे बरोबर ठरवलंय. पण तिचं पाणी तोडू नका. आणि पहिलं पिवळं घट्ट दूध पिळून टाकू नका, बाळाला तेच आधी पाजा. मध-गुळाचं बोट नको. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही.

माळकऱ्यांसाठी

वारकरी घरात मांस-अंडं नाही, उत्तमच. पण बी-१२ जीवनसत्त्व डाळी-भाजीत नसतं. दूध, दही, ताक हेच तुमचं साधन, म्हणून ते रोज ताटात हवं, आणि ताक पांढरं पाणी नको. त्यात शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी घटू शकतं. पायाला मुंग्या, जळजळ, विसराळूपणा सुरू झाला की आपण "शुगरमुळं आहे" म्हणून बसतो. डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा. कमी निघालं तर गोळी-इंजेक्शन घ्या, माळेला त्यानं बाध येत नाही.

मीठ आणि तेल

मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा, सगळं धरून. लोणचं, पापड, ठेचा, सांडगे ह्यांतलं एका जेवणाला एकच घ्या. मिठाची वाटी जेवणाच्या जागेवरून उचलून ठेवा. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, करडईचं असो की शेंगदाण्याचं. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा अडीच महिने जायला पाहिजे. महिन्यात संपत असेल तर तेल कुठं चाललंय ते तळणीच्या कढईला विचारा.

आणि मशीन

शुगर मोजायचं मशीन घरात असतं, पण ते आजारपणातच निघतं. ते जेवण तपासायला वापरा. एका दिवशी नेहमीसारखं जेवा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी शुगर बघा. दुसऱ्या दिवशी तीच भाजी, पण भाकरी मापाची, वरण आणि घोळाणा आधी, जेवल्यावर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या, वामकुक्षी त्यानंतर. पुन्हा दोन तासांनी बघा. आकडा कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा, खाली काय खाल्लं ते दोन शब्दांत. साबुदाण्याचा दिवस, लग्नाचा दिवस, भज्जीचा दिवस, सगळे लिहा. गोळ्या आपल्या मनानं कमी-जास्त करू नका. महिना संपला की ते पान फाडून डॉक्टरांकडं न्या आणि त्यांच्यापुढं ठेवा.